फलक केवढा असावा?

दिवाळी सरली, कपाशीची वेचणी उरकत आली, की आपल्या खान्देशात प्रदर्शनांचे आणि मेळ्यांचे दिवस येतात. जळगावात बहिणाबाई महोत्सवात बचत गटांचे गाळे लागतात. शेतीची प्रदर्शने भरतात. पुढे चैत्रात धुळ्याला पांझरेच्या काठी एकवीरा देवीची यात्रा भरते. कोणाला मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाचेही बोलावणे येते. "तुमच्या गटाला गाळा मिळाला आहे," असे पत्र हाती पडले म्हणजे घरोघरी धांदल उडते. पापड लाटायचे, बिबडे वाळवायचे, मसाला कुटायचा, पुड्या भरायच्या. या गडबडीत फलकाची आठवण होते ती निघायच्या आदल्या दिवशी. मग कोणाचा तरी भाचा फ्लेक्सच्या दुकानात धाडला जातो. तो सांगतो, "दहा बाय दहाचा काढा, चांगला मोठा." फलक येतो, पैसे जातात. प्रदर्शनात जाऊन टांगावा, तर अर्धा फलक टेबलामागे झाकलेला, आणि वरच्या अर्ध्यात माणसांचे फोटो!

फलक मोठा म्हणजे चांगला, हा समज आधी मनातून काढावा, असे आम्हांला वाटते. फलक जागेला बसणारा आणि दुरून वाचता येणारा हवा. या दोन्ही गोष्टी मोजून ठरवता येतात. त्याला मोठे शिक्षण लागत नाही. वीत, फूट, इंच आणि पाढे एवढे पुरे.

आधी जागा मोजा

प्रदर्शन भरवणाऱ्यांचे पत्र नीट वाचा. त्यात गाळ्याचे माप दिलेले असते. पुष्कळदा ते "3 मीटर × 3 मीटर" असे असते. दुकानदार मात्र फुटांत बोलतो. आपल्या देशात मीटर-किलोची मापे आणण्याचा कायदा 1956 साली झाला. पण जमीन, साडी आणि फ्लेक्स यांच्या बाबतीत लोकांच्या तोंडातली जुनी मापे काही गेली नाहीत. तेव्हा दोन्ही मापे ठाऊक हवीत.

1 मीटर म्हणजे 39 इंच आणि वर थोडे, सुमारे पाऊण इंचाचा निम्मा भाग. 3 मीटर म्हणजे 118 इंच. 12 इंचांचा एक फूट. 118 ला 12 ने भागले, तर 9 फूट आले आणि 10 इंच उरले. म्हणजे 3 मीटर पुरते 10 फूट नाहीत, दोन इंच कमी आहेत! दोन इंचांत काय होते, असे कोणी म्हणेल. होते ते असे : खांबाखांबाच्या मध्ये 9 फूट 10 इंच जागा, आणि तुमचा फलक 10 फूट. तो ताणला जात नाही, पोट सुटल्यासारखा मध्येच लोंबतो, आणि अक्षरांना सुरकुत्या पडतात. शिवाय खांबांची जाडी जागेतूनच जाते. दोरीने बांधायला दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटे जागा लागते ती निराळीच. म्हणून तीन मीटरच्या गाळ्यासाठी साडेनऊ फुटांचा फलक करावा. तो ताठ बसतो.

टेप जवळ नसेल तर हाताने अंदाज घ्यावा. वीत सुमारे 9 इंचांची, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात सुमारे दीड फुटाचा. आपापली वीत एकदा फूटपट्टीवर मोजून लक्षात ठेवावी, कारण सर्वांची वीत सारखी नसते.

पत्रावरून न कळणाऱ्या गोष्टी विचारून घ्याव्यात. गाळ्याच्या माथ्यावर नावाची पट्टी प्रदर्शनवाले स्वतः लावणार का? पुष्कळ ठिकाणी ते सर्वांना एकसारखी पट्टी लावून देतात. मग त्यावर दुसरा फलक लावू देत नाहीत, आणि तुमचे पैसे वाया जातात. गाळा कोपऱ्यावर आहे का? कोपऱ्यावरच्या गाळ्याला दोन तोंडे असतात, म्हणून लहानसे दोन फलक लागतात. खिळे ठोकू देतात का, दोरी बांधायला वर आडवा बांबू आहे का, हेही विचारावे. विचारायला लाज कशाची?

मागची भिंत आणि पुढचे टेबल

आता गाळ्यात उभे राहून पाहू. समोर टेबल, ते अडीच फूट उंच. त्यावर पुड्यांची रास, ती आणखी एक फूट. टेबलामागे गटातल्या दोघी-तिघी उभ्या. त्यांची डोकी पाच-सव्वापाच फुटांवर. म्हणजे मागच्या भिंतीचा खालचा पाच फुटांचा भाग गिऱ्हाइकाला दिसतच नाही. तेथे काय छापले आहे ते आपल्या पाठींनाच ठाऊक! भिंत आठ फुटांची असली तर दिसणारी जागा वरच्या तीन फुटांचीच.

हिशेब मांडून पाहू. लांबी गुणिले उंची म्हणजे चौरस फूट. भाव गावोगाव निराळा असतो, पण समजा चौरस फुटाला 15 रुपये पडतात.

10 फूट × 10 फूट = 100 चौरस फूट. 100 × 15 = 1500 रुपये.

10 फूट × 3 फूट = 30 चौरस फूट. 30 × 15 = 450 रुपये.

वाचले 1050 रुपये. नागलीच्या पापडाच्या एका पुडीमागे सगळा खर्च जाऊन 20 रुपये उरतात असे धरले, तर 1050 रुपये मिळवायला 53 पुड्या विकाव्या लागतात. 53 पुड्या म्हणजे किती लाट्या, किती दुपारी, हे ज्यांनी पापड लाटले त्यांनाच विचारावे. तेवढे कष्ट आपण न दिसणाऱ्या फलकावर छापून टाकत होतो.

आम्ही वर मुद्दाम साडेनऊऐवजी 10 फूट धरले. फ्लेक्सची गुंडाळी ठराविक रुंदीची येते, आणि पुष्कळ दुकानांत कापून उरलेल्या तुकड्याचेही पैसे गिऱ्हाइकाकडूनच घेतात. साडेतीन फूट मागितले तर चारचे पैसे लागतात. म्हणून "तुमच्याकडे गुंडाळी किती फुटी आहे?" हे आधी विचारावे आणि तीनमध्ये भागत असेल तर साडेतीनच्या मोहात पडू नये.

टेबलाच्या पुढे लोंबणारा छापील पडदा करण्याची एक नवी हौस आली आहे. चार गिऱ्हाइके येऊन उभी राहिली की तो त्यांच्या गुडघ्यांमागे गेला. त्यापेक्षा घरची धुतलेली चांगली चादर अंथरावी.

अक्षर केवढे?

फलकाची खरी ताकद अक्षरात आहे. अक्षर किती मोठे हवे, याचा एक सोपा ठोकताळा रंगारी आणि छापणारे वापरतात : दहा फुटांवरून सुखाने वाचायला एक इंच उंचीचे अक्षर. वीस फुटांवरून दोन इंच, साठ फुटांवरून सहा इंच. तीक्ष्ण नजरेच्या माणसाला याहून लहानही वाचता येते. पण प्रदर्शनात माणूस चालता चालता, गर्दीतून, पोराचा हात धरून वाचत असतो. आणि नुकतेच वाचायला शिकलेल्या माणसाला अक्षर जुळवायला वेळ लागतो, हे तुमच्याहून अधिक कोणाला ठाऊक? आपण फलक सर्वांसाठी करतो.

हे पटत नसेल तर करून पाहा. कागदावर कोळशाने तीन इंच उंच अक्षरांत "पापड" लिहा आणि भिंतीला लावा. भिंतीपासून बारा पावले मागे जा. सुमारे तीस फूट झाले. वाचता येते ना? आता त्याच कागदाखाली एक इंचाच्या अक्षरांत आपल्या गावाचे नाव कोणाला तरी लिहायला सांगा, आणि गाव ठाऊक नसलेल्या माणसाकडून ते तेथूनच वाचून घ्या. तो डोळे बारीक करील आणि पुढे सरकेल.

दोन ओळींच्या गाळ्यांमधली वाट दहा-बारा फुटांची असते. पण गिऱ्हाईक वाटेच्या तोंडाशी उभे राहून ठरवते, आत शिरावे की नाही. तेथून आपला गाळा चाळीस, पन्नास, साठ फूट असतो. म्हणून मुख्य शब्द सहा इंचांचा हवा.

आता सहा इंचांत काय काय मावते? आपले मराठी अक्षर जेवढे उंच, साधारण तेवढेच रुंद असते. काना किंवा वेलांटीची दांडी आली की अर्ध्या अक्षराची जागा जास्त धरावी. दोन शब्दांमध्ये एका अक्षराची जागा सोडावी. "केळीचे वेफर" घ्या. अक्षरे सहा, ळी ची दांडी अर्धी, मधली जागा एक. झाली साडेसात. साडेसात गुणिले सहा इंच म्हणजे 45 इंच, पावणेचार फूट. छान मावले.

आता पुष्कळ फलकांवर सर्वांत मोठ्या अक्षरांत जे असते ते घ्या : "महिला स्वयंसहायता बचत गट". महिला चार, स्वयंसहायता सात, बचत तीन, गट दोन, मिळून सोळा. मधल्या जागा तीन. एकोणीस झाले. 19 × 6 = 114 इंच, म्हणजे साडेनऊ फूट! आपला अख्खा फलक भरला. गटाचे स्वतःचे नाव अजून आलेच नाही, आणि तुम्ही विकता काय, याचा तर पत्ताच नाही. बरे, शेजारच्या गाळ्यावरही हेच चार शब्द, त्याच्या शेजारीही हेच. साऱ्या रांगेत गिऱ्हाइकाला एकच वाक्य वाचायला मिळते. ते बिचारे "बचत गट" विकत घ्यायला आलेले नसते, ते कळण्याचे पीठ शोधत असते.

म्हणून वस्तूचे नाव सहा इंच, गाव आणि गटाचे नाव तीन इंच, आणि "महिला स्वयंसहायता बचत गट" दोन इंच. दोन इंचांत ते 38 इंच लागते. सव्वातीन फुटांत सुखाने बसते, आणि गटाचा मानही राहतो.

उंचीचाही हिशेब आहे, आणि येथे मराठीची गोष्ट इंग्रजीहून निराळी आहे. आपल्या अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, अनुस्वार बसतात. पायाशी उकार आणि ऋकार लोंबतात. सहा इंचांचे अक्षर म्हणजे शिरोरेघेपासून खाली सहा इंच. वर तीन इंच आणि खाली दोन इंच मोकळे ठेवले नाहीत तर "कुळीथ"चा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. म्हणजे सहा इंची एका ओळीला 11 इंच लागतात. तीन इंची ओळीला साडेपाच. दोन्ही मिळून साडेसोळा. वर आणि खाली दोन-दोन इंच कोरी कड सोडली, तर साडेवीस. दोन फुटांचा, म्हणजे 24 इंचांचा फलक दोन ओळींना पुरतो, आणि दोन ओळींत थोडी हवाही खेळते. तीन फुटांत तिसरी ओळ किंवा एक चित्र येते. त्याहून अधिक लिहायचे मनात आले तर आधी काय गाळता येईल ते पाहावे. आमच्या मते "हार्दिक स्वागत" पहिल्याने गाळावे. स्वागत तोंडाने करता येते.

फोटोंविषयी एक शब्द. चौकाचौकांत वाढदिवसाचे फलक आपण पाहतो. एका फलकावर चाळीस चेहरे, आणि प्रत्येकाखाली नाव. आता त्यांतले एक तरी नाव आठवते का? आपल्या फलकावर एकच चित्र असावे, आणि ते वस्तूचे असावे. वांगी विकत असाल तर हिरवेगार वांगे, चांगले दोन फूट लांब.

चित्राचे बळ आपल्या खान्देशाने मोठे पाहिलेले आहे. 1936 सालच्या डिसेंबरात फैजपूरला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. तेथे खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही होते, आणि ते महात्मा गांधींनी उघडले. त्या टिळकनगराची मांडणी आणि सजावट करायला शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावले होते. शहरातून रंगीत सामान न आणता त्यांनी बांबूसारख्या गावाकडच्या साध्या वस्तूंतून नगर सजवले. 1931 च्या शिरगणतीप्रमाणे देशात शंभरांत दहांनाही लिहिता-वाचता येत नव्हते. नुसत्या लेखी फलकांनी त्या लोकांना काय कळले असते? आजही फलकावरचे चित्र न वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गाळ्याशी आणते. तीही गिऱ्हाइकेच आहेत, आणि जिन्नस पारखायला आपल्याहून हुशार.

कोठे काय लिहावे

एकच फलक सगळीकडे चालत नाही. जळगावात "कळण्याचे पीठ" एवढे लिहिले की भागते. कळणे म्हणजे काय हे येथे पोरही सांगेल. मुंबईला मात्र लोक थबकतील. तेथे खाली तीन इंची ओळ हवी : "ज्वारी-उडदाची खान्देशी भाकरी". उलट जळगावात "खान्देशी" शब्दाला काय किंमत? सगळेच खान्देशी. येथे गावाचे नाव मोठे करावे. धुळ्याची आजी येते आणि विचारते, "तुमनं गाव कोनतं, माय?" ते उत्तर फलकावरच असावे.

जळगावच्या केळीला आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या मानांकनाची खूण वापरण्याचा अधिकार ज्यांनी तशी नोंदणी केली त्यांनाच असतो. नोंदणी नसेल तर ती खूण फलकावर छापू नये. "आमच्या शेतातली भरिताची वांगी" असे लिहायला कोणाची हरकत नाही.

पैसे घेण्याचा क्यूआरचा चौकोन फलकावर उंच छापलेला आम्ही पाहतो. तो फोनने टिपायचा असतो. चौकोन जेवढा रुंद, त्याच्या दहापट अंतरापर्यंतच तो नीट टिपला जातो. चार इंची चौकोन चाळीस इंचांवरून, म्हणजे सव्वातीन फुटांवरून. त्याची जागा टेबलावर आहे.

कापड, वारा, उजेड

फ्लेक्स हे एक प्रकारचे प्लास्टिकच. 1 जुलै 2022 पासून 100 मायक्रॉनहून पातळ प्लास्टिकच्या आणि पीव्हीसीच्या फलकांना देशभर बंदी आहे, आणि सजावटीच्या थर्मोकोललाही. तेव्हा जाडी विचारून घ्यावी. आमचा कल कापडाकडे आहे. रंगाऱ्याकडून कापडावर नुसते वस्तूचे आणि गावाचे नाव काढून घेतले, तारीख आणि प्रदर्शनाचे नाव घातले नाही, तर तो फलक घडी करून पुढल्या वर्षी पुन्हा नेता येतो.

उघड्या मैदानात वाऱ्याचे भान ठेवावे. फलक जेवढा मोठा तेवढे त्याचे शीड मोठे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. उंचावर बांधलेला दहा बाय दहाचा फलक बांबूसकट खाली आला तर खाली माणसे असतात. वरच्या आणि खालच्या कडेत काठी ओवावी, आणि चारही कोपरे बांधावेत.

रात्री दिवा फलकाच्या मागे नको. तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत जातो आणि अक्षरे काळवंडतात. दिवा पुढून, वरून पडावा. पिवळ्यावर काळे किंवा पांढऱ्यावर गडद निळे उठून दिसते. लालावर हिरवे लिहू नये. कित्येक पुरुषांना ते दोन रंग वेगळे दिसतच नाहीत.

छापण्याआधी वाचा

दुकानदार छापण्याआधी नमुना दाखवतो. हल्ली तो फोनवर धाडतो आणि म्हणतो, "ओके आहे का, लवकर सांगा, मशीन थांबलंय." येथे घाई करू नये. संगणकावर एका टंकातला मजकूर दुसऱ्या टंकात गेला की पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षर तुटते, रफार हरवतो. छापणारा मुलगा दिवसाला पन्नास फलक काढतो, तो प्रत्येक शब्द वाचत नाही. तुम्ही "हो" म्हटले की पुढची चूक तुमची, आणि पैसेही तुमचे.

नमुना गटातल्या सर्वांनी मिळून वाचावा. एकीने अक्षराखाली बोट ठेवून मोठ्याने वाचावे, दुसरीने मूळ कागदावर पाहावे. फोन नंबरचे दहा आकडे एकेक करून म्हणावेत, आणि त्या नंबरावर तेथल्या तेथे फोन लावून पाहावा. नुकत्या वाचायला शिकलेल्या बाईला हे काम मुद्दाम द्यावे. सराईत माणूस शब्द ओळखून पुढे जातो, चूक त्याला दिसत नाही. नवे वाचणारा अक्षर न् अक्षर लावतो, आणि नेमकी चूक त्यालाच सापडते. ज्यांच्या नावाने जळगावात महोत्सव भरतो, त्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्या माणसांनी उतरवून घेतल्या. तुमच्या गटाचे नाव दुसऱ्या कोणी उतरवून द्यावे लागत नाही. ते तुम्ही स्वतः तपासू शकता.

करून पाहा

धुळ्याच्या एका प्रदर्शनात गटाला 2 मीटर रुंद गाळा मिळाला. मागची भिंत आठ फूट उंच आहे. दोन्ही बाजूंना बांधायला तीन-तीन बोटे जागा सोडायची आहे. दुकानात 3 फुटी आणि 4 फुटी गुंडाळी आहे, भाव चौरस फुटाला 18 रुपये. फलक किती फुटांचा घ्याल? खर्च किती येईल? त्यावर "बिबडे आणि पापड" हे शब्द सहा इंची अक्षरांत एका ओळीत मावतील का? मावत नसतील तर अक्षर लहान कराल, की दोन ओळी कराल? कागदावर मांडा आणि शेजारणीला दाखवा.